डेली सोपची ऑफर आलीये, एकांकिका लिहिणाऱ्याने घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा सोलापूरचा, पुण्यात कॉलेजला असताना पुरुषोत्तम करंडकाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला एकांकिका केल्या, त्यातली एक यंत्रमाग कामगाराच्या घरातली होती आणि ती बरीच गाजली. आता कॉलेज संपलंय, शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू झालाय आणि मुंबईच्या एका प्रॉडक्शन हाऊसने मराठी डेली सोपचे संवाद लिहायला बोलावलंय. ग्रुपमधले मित्र म्हणतात विकला गेलास. घरचे म्हणतात चार पैसे येतायत तर घे की. आणि तो विचारतोय, ताई, मालिका लिहायला लागलो की माझ्यातला नाटककार मरेल का, आणि लिहायचंच असेल तर टोपणनावाने लिहू का.

उत्तर आधी देते, कारणं नंतर. घे ऑफर. मी स्वतः बरीच वर्षं मालिकांचे संवाद लिहून घर चालवते आणि नाटकं पण लिहिते, आणि या दोन्हीमध्ये अडकलेली कितीतरी हुशार मुलंमुली मी बघितलीयत, काही टिकली काही संपली. जी संपली ती मालिका लिहिली म्हणून नाही संपली. काय घ्यायचं, काय द्यायचं आणि कधी बाहेर पडायचं हे त्यांनी सही करण्याआधी ठरवलं नव्हतं, आणि सही झाल्यावर, हातात रेग्युलर पैसे यायला लागल्यावर, ते ठरवायची ताकद फार कमी जणांकडे उरते.

आधी ते "विकला गेलास"चं बघू, कारण तुझ्या लिहिण्यावरून ते तुला फार लागलंय. आपली प्रायोगिक रंगभूमी कोणाच्या पैशावर उभी राहिली हे तुझ्या मित्रांनी एकदा नीट बघावं. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, १९६९ मध्ये पूर्ण वेळ नट झाले तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. जब्बार पटेल लहान मुलांचे डॉक्टर, दौंडला दवाखाना. मोहन आगाशे मानसोपचाराचे प्राध्यापक. सतीश आळेकर बी. जे. मेडिकलला बायोकेमिस्ट्रीत नोकरीला. १९७१ ला आविष्कार ही नाट्यसंस्था सुरू झाली आणि १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग व्हायला लागले, तर आविष्कारच्या सुलभा देशपांडे त्याच शाळेत शिक्षिका होत्या. ही झाली माहीत असलेली नावं, बाकी ज्यांची नावं कुठे छापून आली नाहीत अशी कितीतरी माणसं बँकेत, एलआयसीत, रेल्वेत, महापालिकेत होती, साडेपाचला ऑफिस सुटायचं, लोकल पकडायची, सातला तालीम, आणि पगारातून पदरमोड करून नेपथ्याचं लाकूड आणायचं. बँकांच्या नाट्यस्पर्धा व्हायच्या, कामगार कल्याण केंद्रांच्या व्हायच्या. म्हणजे त्या नाटकांना तिकीटबारीने कधीच पोसलं नाही, महिन्याच्या पगाराने पोसलं. तिकीटबारीला न घाबरता ती माणसं लिहू शकली, करू शकली, कारण त्यांच्या घरची चूल तिकीटबारीवर पेटत नव्हती. यात त्यांचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही, उलट मला वाटतं हा व्यवहार त्यांना पक्का कळला होता म्हणूनच ते इतकं निर्भीड काम करू शकले.

आता ती साडेपाचला सुटणारी नोकरीच राहिली नाही. बँकेतला माणूस रात्री आठला निघतो, आयटीवाला अमेरिकेच्या वेळेने कॉलवर असतो, तालमीला येणार कधी. मग आजच्या नाटकवाल्या मुलांचं घर कशावर चालतं? मालिका, डबिंग, जाहिरातींचे व्हॉइसओव्हर, शाळांमधली नाट्यशिबिरं, इव्हेंटचं सूत्रसंचालन, रील्सची स्क्रिप्टं. जुन्या पगाराच्या जागी हे आलंय. तुझ्या ग्रुपमधला कोण कोण यातलं काय करतो ते आठवून बघ. आणि ज्याच्या घरी वडिलांची पेन्शन किंवा भाड्याचे पैसे येतात तो जर तुला विकला गेलास म्हणत असेल तर त्याचं फार मनावर घेऊ नकोस, हप्ता त्याला भरायचा नाहीये.

पण एक फरक आहे आणि तो मोठा आहे. बँक तुमचा वेळ घ्यायची, तुमची भाषा नाही घ्यायची. दिवसभर लेजर लिहून आलेला माणूस रात्री संवाद लिहायला बसला की त्याचा कान ताजा असायचा. मालिका तुझ्याकडून तेच मागते ज्याने तू नाटक लिहितोस. खरा धोका हा आहे, आणि तो कसा येतो हे तुला आतली पद्धत सांगितल्याशिवाय कळणार नाही.

मराठी डेली सोपमध्ये कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे, असं साधारण असतं. तू तिसरा. आठवड्याला सहा एपिसोड धरले तर महिन्याला २६, प्रत्येकात साधारण २०-२२ मिनिटांचा मजकूर. चॅनलकडून वनलाईन, म्हणजे एपिसोडमध्ये काय घडणार त्याचा थोडक्यात आराखडा, पास होते, त्यावरून स्क्रीनप्ले येतो, तो तुझ्याकडे बऱ्याचदा संध्याकाळी पोचतो आणि सकाळी सेटवर सीन हवे असतात. बँक असेल, म्हणजे पुढचे एपिसोड आधीच शूट होऊन तयार असतील, तर जरा श्वास घेता येतो. बँक संपली की आज लिहिलं, उद्या शूट, परवा ऑन एअर. त्यात कोणाला डेंग्यू होतो, कोणाच्या नाटकाचा दौरा असतो, मग तोच सीन त्या नटाशिवाय परत लिही. गुरुवारी टीआरपी येतो आणि आकडा पडला असेल तर पुढच्या महिन्यात होणारं लग्न पुढच्या आठवड्यात आणतात. हे सगळं सांभाळून रोज लिहिणं हे कसबाचं काम आहे आणि ते जमणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे.

मालिकेत तीच गोष्ट तीनदा सांगितली जाते यावर नाटकवाले हसतात. पण बघणारी बाई त्या वेळेला पोळ्या लाटत असते, कुकरच्या शिट्टीत अर्धं वाक्य जातं, मुलगा मधेच वही मागतो. तिला गोष्ट कळली पाहिजे म्हणून पात्रं बोलून दाखवतात, "म्हणजे आईंनी माझ्यापासून हे लपवलं!" तिच्यासाठी ते बरोबरच आहे. प्रॉब्लेम तुझ्या कानाचा होतो. नाटकात पात्र मनातलं लपवतं आणि प्रेक्षक ते ओळखतो, तिथेच तर मजा असते. मालिकेत पात्र मनातलं बोलतं. रोज पंधरा-वीस पानं असं लिहून सहा महिन्यांनी तू स्वतःचं नाटक उघडलंस की त्यातला बाप पण बोलायला लागतो, "मला आता फार एकटं वाटतं रे." तुझ्या त्या एकांकिकेतला बाप असं कधीच बोलला नसता, तो मागाचा पट्टा नीट करत बसला असता.

यावर माझा उपाय साधा आहे. स्वतःचं नाटक लिहिताना पहिला खर्डा झाला की एक फेरी फक्त याच्यासाठी करायची, जे वाक्य प्रेक्षकाने आधीच डोळ्यांनी बघितलंय किंवा ओळखलंय ते कापायचं. आवडतं असलं तरी कापायचं. आणि दुसरं, तुझी सोलापूरची भाषा जप. मालिकांमध्ये गावाकडची म्हणून एक ठरलेली बोली असते, ती धड कोल्हापूरची नसते, साताऱ्याची नसते, नगरची नसते, सगळ्यांना कळेल अशी शिजवलेली असते. तुझ्या घराच्या आसपास कानडी आणि तेलुगू घुसलेली मराठी बोलतात, विडी वळणाऱ्या बायकांचे हिशोब, पद्मशाली म्हणजे तेलुगू विणकरांच्या घरातली बोलणी, चादरीच्या कारखान्यातल्या पाळ्या. ही भाषा महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे मिळत नाही आणि ती मालिकेत कोणी मागणार पण नाही. गावी गेलास की ती ऐकून वहीत उतरवून ठेव. मालिकेत ती घालायचा हट्ट करू नकोस, ती तुझ्या नाटकासाठी आहे.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. पाट्या टाकायच्या नाहीत. खूप जण असं ठरवून येतात की मालिका डाव्या हाताने लिहायची आणि जीव नाटकासाठी राखून ठेवायचा. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण हात तोच असतो. "मालिकेसाठी एवढं चालतं" असं रोज स्वतःला म्हणणाऱ्या माणसाला रविवारी सकाळी नाटक लिहिताना एकदम चोखंदळ होता येत नाही, वाईट वाक्याला हो म्हणायची सवय लागलेली असते. ज्यांचं नाटक टिकलं असे जे मी पाहिले ते मालिकेत पण मन लावून लिहिणारे होते.

मन लावून म्हणजे काय, तर एक उदाहरण देते. एका मालिकेत स्क्रीनप्लेमध्ये असा सीन आला होता, मुलीच्या फीसाठी बाप बायकोच्या बांगड्या गहाण ठेवायला मागतो, आई रडते, मागे म्युझिक. एवढंच. आता हे हजारदा झालंय. मी लिहिलं ते असं. आई मोरीत जाऊन हाताला साबण लावते कारण हात सुजल्यामुळे बांगड्या सहज निघत नाहीत, तो दाराशी नुसता उभा आहे, काय करावं ते त्याला कळत नाहीये, ती बांगड्या धुऊन पदराला पुसते, त्याच्या हातात देते आणि म्हणते, "पावती नीट ठेवा, मागची खिशातच धुतली गेली होती." संपला सीन. या एका वाक्यात कळतं की हे पहिल्यांदा होत नाहीये, मागचं सोडवायला किती त्रास झाला असेल ते पण कळतं, आणि ती रागावलेली नाहीये हे पण कळतं. चॅनलच्या क्रिएटिव्हने सांगितलं रडणं हवंच, प्रोमोला लागतं. मग पुढच्या सीनमध्ये ती एकटी असताना रडली, आणि पावतीचं वाक्य राहिलं. मला ही तडजोड अजिबात कमीपणाची वाटत नाही. त्यांना त्यांचा प्रोमो मिळाला, नटीला करायला काहीतरी खरं मिळालं, आणि पोळ्या लाटणाऱ्या बाईला पण ते वाक्य पोचलं असणार, कारण तिला ती पावती माहीत आहे.

म्हणजे सगळ्यालाच हो म्हणायचं का? नाही. पण कशासाठी भांडायचं ते निवड. शब्द बदलला, वाक्य कापलं, सीन पुढेमागे झाला, नटाने ऐन वेळी स्वतःचं काही घातलं, यावर भांडण्यात तत्त्व वगैरे काही नसतं, तो अहंकार असतो, आणि रोज भांडणाऱ्याचं सहाव्या दिवसापासून कोणी ऐकत नाही. ताकद राखून ठेव ती खऱ्या गोष्टींसाठी. नवऱ्याने मारणं हे प्रेम म्हणून दाखवायचंय, अंगात येण्याला खरं म्हणून दाखवायचंय, एखाद्या जातीच्या किंवा कामाच्या माणसाला फक्त हसं करायला आणायचंय, अशा वेळी मी शांतपणे सांगते की हे मी लिहिणार नाही, दुसरा मार्ग सुचवते, आणि बऱ्याच वेळा दुसरा मार्ग घेतला जातो, कारण त्यांना उद्या सकाळी सीन हवा असतो, वाद नको असतो. तुझ्या अशा दोन-तीन गोष्टी कुठल्या ते आत्ताच कागदावर लिही. आणि पहिल्या मीटिंगलाच सांग, हसत सांग, पण सांग. नंतर सांगितलं की नखरे वाटतात.

आता कराराकडे येते. इथे जरा थांबून वाच, कारण माझ्या मते सर्जनशील प्रामाणिकपणाचा निम्मा भाग या कागदावर ठरतो आणि आपल्याकडची मुलं तो न वाचता सही करतात, वर म्हणतात मी कलाकार माणूस, मला त्यातलं कळत नाही.

सगळ्यात आधी एक्स्क्लुझिव्हिटीचं कलम बघ. बऱ्याचदा लिहिलेलं असतं की या काळात लेखक दुसरीकडे कुठेही लिहिणार नाही. असं मोघम असेल तर तुझं नाटक, एकांकिका, कथा, सगळं त्यात येतं. त्यांना खरं तर एवढंच हवं असतं की तू त्याच वेळेला दुसऱ्या चॅनलची मालिका लिहू नयेस. मग तेच लिहून घे, "मराठी दैनंदिन मालिकांपुरतं", आणि पुढे स्पष्ट घाल की रंगभूमी, पुस्तकं आणि लेखकाचं आधीचं सर्व लिखाण यातून वगळलंय. हे मागितल्यावर कोणी सहसा नाही म्हणत नाही, पण मागावं लागतं.

दुसरं, तुझं जुनं लिखाण. तुझी ती एकांकिका त्यांना आवडलीये असं तू लिहिलंयस. उद्या मालिकेत तसाच एखादा ट्रॅक आला तर? मालिकेसाठी लिहिलेल्या संवादांचे हक्क बहुतेक वेळा त्यांच्याकडे जातात आणि ते ठीक आहे, त्याचेच पैसे ते देतायत. पण एकांकिका त्या सहीत फुकट जाऊ देऊ नकोस. तिच्यावरून काही करायचं असेल तर वेगळा करार, वेगळे पैसे, वेगळं श्रेय. आणि तू पगारी नोकर म्हणून जातोयस की फ्रीलान्सर म्हणून ते पण बघ, कारण नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या गोष्टीच्या कॉपीराइटचा पहिला मालक, वेगळं ठरलेलं नसेल तर, कायद्याने नोकरी देणाराच असतो.

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि तो लेखकाच्या बाजूने बराच बरा आहे, फक्त आपण तो वाचत नाही. हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच करारात कायमस्वरूपी आणि संपूर्ण विश्वात असे शब्द टाकलेले असतात. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक झालं, सिनेमा थिएटरबाहेर तुझं लिखाण वापरलं गेलं तर रॉयल्टीत समान वाट्याचा तुझा हक्क आहे, आणि तो वारसदार किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कोणाला देऊनच टाकता येत नाही. गीतकार-संगीतकारांचे पैसे आयपीआरएस या त्यांच्या कॉपीराइट सोसायटीमार्फत यायला लागलेत, आम्हा संवादवाल्यांची गाडी अजून मागे आहे, पण हक्क आहे तो आहे, "सर्व रॉयल्टी सोडत आहे" असं छापलेलं दिसलं तर त्याच्यावर बोट ठेव.

आणि कलम ५७ तर मला वाटतं प्रत्येक लेखकाने, चित्रकाराने पाठ करावं. हक्क विकल्यानंतरही ते लिखाण माझं आहे असं म्हणायचा अधिकार तुझ्याकडे राहतो, आणि त्याची मोडतोड करून तुझ्या नावाला धक्का लागत असेल तर दाद मागायचा पण. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं मोठं ब्रॉन्झचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं, त्याचे तुकडे झाले, नासधूस झाली. ते सरकारशी लढले आणि २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने शिल्प त्यांना परत द्यायला सांगितलं, वर ५ लाख रुपये भरपाई. शिल्प सरकारचं होतं, पैसे देऊन घेतलेलं होतं, तरीही. विकलं म्हणजे सगळं संपलं असं जे तुझे मित्र म्हणतायत ते कायदा सुद्धा म्हणत नाही.

करार आला की अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचा सभासद हो, तिथे स्क्रिप्ट रजिस्टर होतं, कराराबद्दल सल्ला मिळतो आणि पैसे अडकले तर तक्रार पण घेतात. श्रेय कुठे आणि कसं येणार, नोटीस पीरियड किती, लिहून दिलेला एपिसोड शूटच झाला नाही तर पैसे मिळणार का, पेमेंट लिहून दिल्यावर की टेलिकास्ट झाल्यावर, एवढं तरी विचारून लिहून घे. टेलिकास्टनंतर दोन-तीन महिन्यांनी पैसे येतात असं धरूनच चाल, म्हणजे मुंबईत जाताना तेवढे महिने काढायची सोय खिशात हवी.

पैशाचं थोडक्यात. मानधनातून १० टक्के टीडीएस कापून येतो, रिटर्न भरलंस तर त्यातला जास्तीचा परत मिळतो, भर. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधार-पॅनवर फुकट होते, ती करून नंबर बिलावर टाक. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद झाली की जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायची जबाबदारी कायद्याने त्यांच्यावर येते, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज. आता रोज ज्याच्यासाठी लिहितोस त्याच्यावर केस कोण करणार, पण मुदत उलटून आर्थिक वर्ष संपेपर्यंत न दिलेली रक्कम त्यांना त्या वर्षीच्या करात खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे अकाउंट्सवाले तो नंबर बघून जरा लवकर हलतात.

आणि मुख्य म्हणजे खर्च वाढवू नकोस. समज मुंबईत तुला महिन्याला ३५ हजार लागतात, कर्जाचा हप्ता ८ हजार, झाले ४३. सहा महिन्यांचे २ लाख ५८ हजार. एवढे पैसे वेगळ्या खात्यात पडेपर्यंत दुसरं काही घ्यायचं नाही, कारण हे पैसे म्हणजे तुझी नाही म्हणायची ताकद. मगाशी मी कागदावर लिहायला सांगितलेल्या त्या दोन-तीन गोष्टी, त्यांच्यावर ठाम राहायला तत्त्व लागतंच पण त्याच्या आधी हे खातं लागतं. चांगले लिहिणारे संपताना मी जे बघितलं ते इथे बघितलं. पहिली मालिका चालली, ठाण्यात फ्लॅट बुक केला, वीस वर्षांचा हप्ता, मग गाडी, आणि मग हात असा दगडाखाली सापडला की एक मालिका बंद व्हायच्या आत दुसरी घ्यावीच लागते, मिळेल ती, मिळेल त्या भावात. नाटक उभं राहायला महिनोन्महिने लागतात आणि हप्ता पाच तारखेला लागतो. घर घेऊ नये असं नाही म्हणत मी, माणसाने घर घ्यावंच. फक्त मालिकेच्या जोरावर घेऊ नये, मालिका कधी बंद होईल हे प्रोड्यूसरला पण आधी कळत नाही.

बाहेर पडायची वेळ पण आत्ताच ठरव. कर्ज फिटलं आणि ते सहा महिन्यांचे पैसे जमले की थांबून नाटक पूर्ण करायचं, असं काहीतरी ठोस. "जरा सेटल झालो की" असं ठरवलंस तर कधीच होणार नाही.

वेळेचं मी तुला खोटं सांगणार नाही. पहिले काही महिने तुझं स्वतःचं काहीही लिहून होणार नाही, घाबरू नकोस. मात्र तालमीला जात रहा, दुसऱ्याच्या का असेना, पुण्यात सुदर्शन रंगमंचला किंवा मुंबईत जिथे छोटे प्रयोग होतात तिथे बघायला जा, नाटकाच्या माणसांमध्ये रहा. नंतर बँक झाली की सकाळचा वेळ काढ, फोन हातात घ्यायच्या आधी, कारण एकदा सेटवरून पहिला मेसेज आला की त्या दिवशी डोक्यात फक्त त्याच घरातली माणसं बोलतात.

एक गोष्ट तुझ्या ग्रुपला पण सांगायची आहे. प्रायोगिक आहे म्हणून लाइट्सवाल्याला फुकट राबवायचं, मेकअपवाल्या काकांना "पुढच्या प्रयोगाला बघू" सांगायचं, याला मी निष्ठा म्हणत नाही. तू मालिका लिहिणार आहेस, तुझ्याकडे चार पैसे येणार आहेत, तर पुढच्या एकांकिकेत तंत्रज्ञांचे पैसे आधी बाजूला काढ, अगदी थोडे असले तरी ठरवून दे. आणि तुझी संहिता कोणी दुसऱ्या गावातल्या ग्रुपने मागितली तर परवानगीचं पत्र दे आणि प्रयोगामागे मानधन माग, पाचशे का असेनात. लाजू नकोस. आपल्याकडे लेखकाला न विचारता प्रयोग होतात आणि लेखकाला व्हॉट्सॲपवर फोटो आल्यावर कळतं, हे थांबवायचं तर लेखकांनीच मागायला सुरुवात करायला हवी.

राहिलं टोपणनाव. नको. एक तर कलम ५७ वगैरे सगळं वापरायचं तर हे मीच लिहिलंय हे सिद्ध करायला सरळ नाव असलेलं बरं. दुसरं, मराठी इंडस्ट्री लहान आहे, महिन्याभरात सगळ्यांना कळतंच. आणि तिसरं, टोपणनाव घेतलंस की पाट्या टाकायला परवानगी मिळते, आपलं नाव थोडीच जातंय. टायटल्समध्ये स्वतःचं नाव लाव, पूर्ण, आडनावासकट. अमुक एक मालिका अशा दिशेला गेली की तिच्यावर आपलं नाव राहू देणं अशक्य वाटतं, त्यासाठी करारात "लेखक आपलं नाव काढून घ्यायला सांगू शकतो" एवढी एक ओळ घालून घे, तेवढी पुरे. करार हातात आला की सही करायच्या आधी एक्स्क्लुझिव्हिटीचं आणि पेमेंटचं कलम टाइप करून पाठव, नावं गाळून पाठव, बघून सांगते.